दम, श्वास आणि विश्वास

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



'घरची भाषा आणि शाळा' या विषयावर मी दोन शब्द बोलावेत, अशी आज्ञा झाली आहे. विषय मोठा आणि वेळ थोडा. म्हणून मी एकच शब्द घेऊन आलो आहे. तो शब्द म्हणजे दम. हाच शब्द का घेतला हे सांगायचे, तर आधी माझी एक चूक कबूल केली पाहिजे.

नववीच्या वर्गाला मी 'माझे वडील' हा निबंध दिला होता. एका मुलाचे वडील एपीएमसी मार्केटमधील कांदा-बटाटा बाजारात माथाडी कामगार आहेत. त्याने लिहिले होते, "अब्बा ट्रकमधून गोण्या उतरवतात. दहा गोण्या झाल्या की दम खातात. घरी आल्यावर दादी म्हणते, बेटा, जरा दम घे." मी लाल शाईने 'दम' खोडून वर 'श्वास' आणि 'विश्रांती' असे लिहिले. समासात शेराही मारला, 'शुद्ध मराठी लिहा.' पुढच्या निबंधात त्या मुलाने जेमतेम चार ओळी लिहिल्या. कारण विचारले तेव्हा मान खाली घालून म्हणाला, "सर, घरी बोलतात ते शब्द चुकतात. म्हणून थोडेच लिहिले."

मित्रहो, त्या दिवशी मी घरी जाऊन शब्दकोश उघडला. दम हा मूळचा फारसी शब्द, अर्थ श्वास. पण मराठीने त्याला कित्येक शतकांपूर्वीच घरात घेतले आहे. जिना चढला की दम लागतो, घाई केली तर दम खा म्हणतात, संकटात दम धरतात. मार बेदम, काम दमदार, धावताना दमछाक. 'एकदम' या शब्दात श्वास दडला आहे, हे तर आपल्या ध्यानातही येत नाही. गुंड दम देतो, तेव्हा समोरच्याचा श्वास अडकतो. आपल्या घरी बिर्याणीला दम देतात, तेव्हा भांड्याचे तोंड कणकेने बंद करून वाफ आत कोंडतात. शम-दम यातला संस्कृत दम मात्र निराळा. त्याचा अर्थ संयम. उच्चार एक, कुळे दोन. म्हणजे मुलाचे वाक्य शुद्ध मराठीच होते. चूक माझी होती.

त्यानंतर एके दिवशी शाळेपूर्वी मी मुद्दाम मार्केटमध्ये गेलो. कांदा-बटाटा, फळे, भाजीपाला, मसाला आणि धान्य असे तेथे पाच बाजार आहेत. मसाल्याच्या बाजारात मिरचीच्या पोत्यांजवळ उभे राहताच ठसका लागला आणि श्वासाची किंमत कळली. कांद्याच्या गाळ्यांवर कोणी म्हणत होते, "दम धर, गाडी लागू दे." कोणी कांदा हातात घेऊन म्हणत होता, "या मालात दम नाही." बोलणाऱ्यांत साताऱ्याकडचे होते, कोकणातले होते, आपले बागवान बांधवही होते. शब्द कोणाचा, हे तेथे कोणी विचारीत नव्हते. पाठीवर गोणी असताना माणसाला शब्दाची जात पाहण्यास वेळ नसतो.

आता श्वास या शब्दाकडे वळू. संस्कृतातील 'श्वस्' या धातूपासून तो आला. त्याच धातूपासून आश्वासन आला आणि विश्वासही आला. घाबरलेल्या माणसाचा श्वास ठिकाणावर आणणे म्हणजे आश्वासन. ज्याच्याजवळ निर्धास्तपणे श्वास घेता येतो, त्याच्यावर विश्वास. बाजार तरी दुसऱ्या कशावर चालतो? नाशिककडचा शेतकरी माल गाडीत भरतो आणि आडत्याकडे पाठवून देतो. विक्रीच्या वेळी तो समोर असतोच असे नाही. त्याच्या हातात पडते ती हिशेबाची पट्टी. ती पट्टी खरी असेल, या विश्वासावर तो पुढची गाडी भरतो.

आपल्या धर्मग्रंथांच्या भाषेतही हेच नाते दिसते. अरबीत नफस म्हणजे श्वास आणि नफ्स म्हणजे माणसाचा स्वतःचा जीव. दोन्हींचे मूळ एक. शेख सादींनी 1258 साली 'गुलिस्तान' लिहिले. त्याच्या आरंभीच ते सांगतात, की आत जाणारा श्वास आयुष्य वाढवितो आणि बाहेर येणारा जिवाला सुख देतो. तेव्हा प्रत्येक श्वासाला दोनदा शुक्र करावा.

पालकांनो, आपल्यापैकी अनेकजण पाठीवर ओझे वाहून मुलांना शिकवीत आहात. 1969 साली माथाडी कायदा झाला, तेव्हा कोठे ओझे वाहणाऱ्यांना भविष्यनिर्वाह निधीसारख्या सोयींचा हक्क मिळाला. तो हक्क मिळविण्यास त्या पिढीला फार दम धरावा लागला. तसाच दम मुलांच्या बाबतीत धरा. नववीत एका विषयात नापास झाला म्हणून मुलाला गाळ्यावर उभा करू नका, मुलीची शाळा सोडवू नका. आणखी दोन-चार वर्षे कळ काढा.

विद्यार्थी मित्रांनो, विज्ञानाच्या पेपरात 'श्वसन' असेच लिहा, तेथे तोच शब्द हवा. पण वडिलांविषयी लिहाल तेव्हा 'दम' लिहिण्यास लाजू नका. दोन्ही शब्द तुमचे आहेत. एक गमावून दुसरा मिळवावा लागत नाही.

आणि आम्ही शिक्षकांनी लाल शाई जपून वापरावी. त्या मुलाची वही मी परत मागवून घेतली, माझाच शेरा खोडला आणि खाली सही केली. त्याचा पुढचा निबंध दोन पाने भरून आला. त्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पुष्कळ होत्या. त्या मी दुरुस्त केल्या. 'दम' तसाच राहू दिला.