रोजनिशी आणि आपले शहर
(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत इंदूर येथे दिलेले भाषण)



शताब्दीच्या व्याख्यानमालेत विद्वानांची भाषणे व्हावीत हे रीतीला धरूनच आहे. आजचा वक्ता मात्र विद्वान नाही. माझे सारे आयुष्य एका कचेरीत जमाखर्च तपासण्यात गेले. या ग्रंथालयाचा मी १९५७ पासून सभासद आहे, एवढीच काय ती माझी पात्रता. चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा मी त्यांना सांगितले की, मला एकच गोष्ट येते : रात्रीचे जेवण झाल्यावर वहीत अर्धे पान लिहिणे. १९६८ च्या जानेवारीपासून हा नेम चालू आहे. त्यावर ते म्हणाले, “मग तेच सांगा.” तेव्हा ऐकण्याची शिक्षा आपल्याला झाली तर तिचा दोष माझ्याबरोबर त्यांच्याकडेही जातो.

रोजनिशी म्हटले की थोरामोठ्यांची आठवण होते. लंडनच्या सॅम्युएल पेपिसने १६६० ते १६६९ अशी नऊ वर्षे रोजनिशी लिहिली. तिच्यात १६६५ ची प्लेगची साथ आहे, १६६६ ची प्रचंड आग आहे. आणि ती आग जवळ येत असताना या गृहस्थाने बागेत खड्डा खणून आपले चीज पुरून ठेवले, हेही आहे. आगीचा इतिहास इतरांनीही लिहिला. पण भ्यालेला माणूस काय वाचवू पाहतो, हे त्या पुरलेल्या चीजमुळे कळते. आपल्या देशात पाँडिचेरीचे आनंदरंग पिळ्ळे यांनी १७३६ पासून १७६१ पर्यंत तमिळमध्ये रोजनिशी लिहिली. ते फ्रेंच गव्हर्नर डुप्ले याचे दुभाषी, म्हणून त्या वह्यांना राजकीय मोल आले. पण त्यांत बाजार आहे, जहाजे आहेत, शकुन-अपशकुन आहेत. मराठीत गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ साली ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध केले. ती रोजनिशी नव्हे, परंतु एका शहराचे रस्ते, बाजार, सण आणि माणसे ही ग्रंथात लिहून ठेवण्याजोगी आहेत, असे त्या गृहस्थाला वाटले. हे वाटणे महत्त्वाचे.

आपल्या इंदूरचे काय? होळकरांच्या दप्तरात लढाया, तह, इनामे आणि खर्च सापडतील. १९४८ साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले, १९५६ साली मध्य प्रदेश झाला, याचे सरकारी कागद आहेत. परंतु नंदलालपुऱ्याच्या मंडईत श्रावणात दोडक्याचा भाव काय होता, रामबागेतून राजवाड्यापर्यंत टांगेवाला किती पैसे घेई, रंगपंचमीची गेर निघून गेल्यावर ओटले धुवायला किती बादल्या लागत, हे कोणत्या दप्तरात पाहावे? ते ज्याने त्याने आपापल्या घरी लिहिले असेल तरच उरेल.

पाण्याचेच उदाहरण घेतो. आज माझी नातवंडे नळ उघडा टाकून दात घासतात. त्यांना मी १९७० च्या उन्हाळ्याचे एक पान वाचून दाखवले : “नळ पहाटे पावणेचारला आला. सव्वाचारला गेला. तीन बादल्या व एक घागर. शेजारी दोनच.” त्या काळी शहराची तहान बिलावली तलाव आणि यशवंत सागर यांवर भागत असे, म्हणजे भागत नसे. त्याच १९७० साली नर्मदेचे पाणी इंदुरात आणावे म्हणून लोकांनी आंदोलन केले. सुमारे ७० किलोमीटरवरील जलूद येथून पाणी उपसून, विंध्याचा चढ चढवून आणणे हे अनेकांना अशक्य वाटे. १९७८ साली ते पाणी आले. आता आपणास वाटेल की, त्या दिवशी मी पानभर काव्य लिहिले असेल. प्रत्यक्षात माझी नोंद अशी : “नवे पाणी आले. रंग गढूळ. समोरच्या काकूंनी नळाला हळदकुंकू वाहून नारळ फोडला. मला हसू आले. संध्याकाळी नळ पुन्हा आला तेव्हा मीही हात जोडले.” बांधकामाचे आकडे सरकारी अहवालात मिळतील. नारळ मात्र माझ्या वहीत आहे.

उलट, डोळ्यांदेखत घडलेल्या मोठ्या गोष्टी रोजनिशीत कशा निसटतात तेही सांगितले पाहिजे. १९८४ च्या नोव्हेंबरात, दंगलीच्या दिवसांत राजवाड्याचा मोठा भाग जळाला. माझ्या वहीत त्या दिवशी दोनच वाक्ये आहेत : “राजवाड्याच्या बाजूने धूर. दूध आले नाही.” पुढे काही वर्षांनी ते पान वाचताना मला शरम वाटली. शहरात निरपराध शीख कुटुंबांची घरेदारे पेटत होती आणि हा गृहस्थ दुधाची नोंद करीत होता. ते पान दुरुस्त करून दोन दुःखाची वाक्ये घालावीत असा मोह झाला. घातली नाहीत. भीतीच्या दिवशी मी दाराला कडी लावून दुधाची वाट पाहत बसलो होतो, हे खरे आहे. आणि रोजनिशीने लिहिणाऱ्याला चांगले दाखवायचे ठरवले की तिचा उपयोग संपतो.

तसेच गिरणीच्या भोंग्याचे. माझ्या जुन्या वह्यांत वेळ लिहिताना घड्याळ क्वचितच येते. “दुसऱ्या भोंग्याला उठलो”, “भोंगा झाला तरी अण्णा आले नाहीत”, अशीच भाषा आहे. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झाँक्या पाहायला सारे शहर रात्रभर जागे, तेव्हाही कोणत्या गिरणीची झाँकी सरस यावर घराघरांत पैजा लागत. १२ डिसेंबर १९९१ रोजी हुकुमचंद मिल बंद पडली. माझ्या वहीत त्या तारखेला याविषयी अक्षरही नाही. सुमारे आठवड्याने एक वाक्य आहे : “हल्ली सकाळी उशीर होतो, कारण कळत नाही.” त्या गिरणीच्या सुमारे ४,८०० कामगारांची सुमारे २२४ कोटी रुपयांची देणी वाटण्याची व्यवस्था डिसेंबर २०२३ मध्ये झाली. मध्ये ३२ वर्षे गेली. आमच्या गल्लीतले एक गिरणी कामगार रोज सायंकाळी ओटल्यावर बसून त्या खटल्याची तारीख सांगत. त्यांनी सांगितलेल्या तारखा मी लिहीत गेलो. मग एका पानावर त्यांची तेराव्याची नोंद येते आणि पुढे तारखा येत नाहीत.

आता भाषेविषयी थोडे. वडिलांच्या वहीत ‘शेगडी’ आहे, माझ्या वहीत ‘सिगडी’ आहे आणि माझ्या मुलाला दोन्ही ठाऊक नाहीत. मी ‘ओटा’ न लिहिता ‘ओटला’ लिहितो, थंडीत गराडू खातो, भुट्ट्याचा कीस करतो. पुण्याचे पाहुणे आमच्या मराठीला हसतात, हसोत. आपल्या पूर्वजांनी माळव्यात येऊन अडीच-तीनशे वर्षे झाली. इतक्या काळात भाषेला इथल्या मातीचा रंग लागला नसता तरच नवल. व्याख्यानात आपण सारे शुद्ध बोलतो, मीही आता बोलतो आहे. घरात काय बोलतो त्याचा पुरावा मात्र रोजनिशीतच राहतो.

बंधुभगिनींनो, इथपर्यंतचे सांगणे सोपे होते. आता जे सांगायचे आहे त्यासाठीच मी हे निमंत्रण स्वीकारले.

माझे वडीलही रोजनिशी लिहीत. १९३८ पासून १९७४ साली ते वारले तोपर्यंतच्या त्यांच्या छत्तीस वह्या आमच्या माळ्यावर पत्र्याच्या पेटीत होत्या. त्या मोडीत आहेत. मला मोडी येत नव्हती. वडिलांचा जमाखर्च असेल, या समजुतीने चाळीसहून अधिक वर्षे मी पेटी उघडली नाही. निवृत्तीनंतर बऱ्याच काळाने याच ग्रंथालयातील एका वयोवृद्ध वाचकांनी मला मोडी शिकवली. ते आता नाहीत. आठवड्यातून दोन दिवस, याच वाचनकक्षात, खिडकीजवळच्या मेजावर आम्ही बसत असू.

वही खरोखरच जमाखर्चाची निघाली. दूध, रॉकेल, वर्तमानपत्र, शाळेची फी. आईचे नावही क्वचितच. असे वाचीत वाचीत मी १९५९ च्या जुलैपर्यंत आलो, आणि तेथे एक ओळ होती : “पाटल्या मोडल्या. ३४० रुपये. चिरंजीवाची कॉलेजची फी व पुस्तके. घरात सांगणे नाही.”

या ओळीचा अर्थ आपणास कळावा म्हणून आमच्या घरातली एक गोष्ट सांगावी लागेल. मला एक धाकटी बहीण आहे. १९६१ साली ती मॅट्रिक झाली. गुण माझ्यापेक्षा चांगले होते. तिला पुढे शिकायचे होते. वडील म्हणाले, ऐपत नाही. त्यावर ती आईला म्हणाली की, तुझ्या पाटल्या माझ्यासाठी ठेवल्या आहेत ना, मग लग्नात देण्याऐवजी आता त्या मोडून मला शिकव. आई काही बोलली नाही. तिच्या लग्नातही पाटल्या निघाल्या नाहीत. पुढे माझे लग्न झाले आणि बहिणीच्या मनाने घेतले की, आईने पाटल्या सुनेला दिल्या. ती हे एकदाच बोलली, पण माझ्या पत्नीच्या समोर बोलली. त्यानंतर दोघींचे येणेजाणे राहिले, सणवार झाले, मोकळेपणा मात्र उरला नाही. माझी पत्नी २०११ साली गेली. जाईपर्यंत तिला वाटत होते की, न घेतलेल्या वस्तूचा आळ आपल्यावर राहिला.

पाटल्या तर १९५९ सालीच गेल्या होत्या, आणि त्या माझ्यासाठी गेल्या होत्या. ज्या पदवीवर मी नोकरी केली, घर बांधले, त्या पदवीत बहिणीचा वाटा होता आणि मला त्याची कल्पनाही नव्हती. खरे सांगतो, त्या रात्री माझ्या मनात पहिला विचार आला तो हा की, हे पान मोडीत आहे, कोणाला वाचता येणार नाही. दुसरा विचार ते फाडून टाकण्याचा आला. चार महिने मी ती वही कपाटात कुलूप लावून ठेवली. माझ्या स्वतःच्या वहीतही त्या चार महिन्यांत या गोष्टीचा उल्लेख नाही.

शेवटी भाऊबीजेला वही घेऊन तिच्या घरी गेलो आणि ती ओळ वाचून दाखवली. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “दादा, म्हणजे वहिनीला मी उगाच बोलले.” माझ्याविषयी, शिक्षणाविषयी ती काहीच बोलली नाही. ते बोलली असती तर बरे वाटले असते. निघताना मी विचारले की, वडिलांच्या वह्या ग्रंथालयाला द्यायच्या मनात आहे, हे पान काढून घेऊ का? ती म्हणाली, “काढू नकोस. आईबद्दल तेवढंच तर लिहिलंय त्यांनी.”

म्हणून आज मी ही गोष्ट आपणापुढे मांडू शकतो. तिच्या संमतीने मांडतो आहे.

या अनुभवातून दोन-चार व्यावहारिक सूचना कराव्याशा वाटतात. लिहिणाऱ्यांनी मत थोडे आणि वस्तुस्थिती अधिक लिहावी : तारीख, वार, जागा, भाव, माप, कोण आले, काय शिजले. राहिलेला दिवस नंतर आठवून भरू नये. कोरे पान कोरेच ठेवावे. ज्याच्याविषयी वाईट लिहिले त्याचे नाव नुसत्या आद्याक्षराने लिहावे. त्याचीही नातवंडे याच शहरात असतात. आणि जे ‘घरात सांगणे नाही’ असे असेल तेही लिहून ठेवावे. वडिलांनी ते लिहिले नसते तर माझ्या पत्नीवरचा आळ कधीच गेला नसता. तिच्या हयातीत पेटी उघडली नाही हा दोष माझा आहे, वहीचा नाही.

कार्यकारी मंडळाला माझी एक विनंती आहे. शंभर वर्षांत या ग्रंथालयाने छापील पुस्तके जपली. आता एक कपाट सभासदांच्या हस्तलिखित वह्यांसाठी राखून ठेवावे. देणाऱ्याला हवे असेल तर तीस वर्षे ती वही उघडू नये, अशी अट मान्य करावी. वाळवी आणि ओल यांपासून ती जपावी. आणि मोडी वाचणारे जे दोन-चार लोक गावात उरले असतील त्यांच्याकडून तरुणांना आठवड्यातून एक दिवस मोडी शिकवावी. आमच्या घरात एक ओळ वाचली जायला अर्ध्या शतकाहून अधिक काळ गेला. इतर घरांच्या माळ्यांवर काय पडून आहे ते कोणास ठाऊक.

वडिलांच्या छत्तीस वह्या मी आज बरोबर आणल्या आहेत. त्या व्यासपीठाच्या उजवीकडच्या पेटीत आहेत. माझ्या वह्या मी गेल्यावर मुलगा आणून देईल, तसे त्याला लिहून दिले आहे. आजच्या दिवसाचे अर्धे पान अजून लिहायचे आहे, तेव्हा आपला अधिक वेळ घेत नाही.