‘टेन्शन’ म्हणून सोडून देऊ नका

मैत्रिणींनो, बाईच्या छातीत दुखलं, धडधडलं की घरचे म्हणतात, ‘टेन्शन घेतेस.’ दवाखान्यातही कधी कधी झोपेची गोळी देऊन परत पाठवतात. १९९० साली जपानी डॉक्टरांनी ‘ताकोत्सुबो’ या विकाराचं वर्णन केलं. ताकोत्सुबो म्हणजे ऑक्टोपस पकडायचं मडकं. घरातला मृत्यू, मोठी भीती, भांडण अशा धक्क्यानंतर हृदयाचा डावा कप्पा तसा फुगतो. रक्तवाहिन्या मोकळ्या, लक्षणं मात्र हार्ट अटॅकची. दहातले सुमारे नऊ रुग्ण बायका, बहुतेकींची पाळी गेलेली! बऱ्याच जणी काही आठवड्यांत सावरतात. पण ठोके बिघडून जीवही जाऊ शकतो. तेव्हा वस्तीतली कुणी असं सांगत आली तर आधी ईसीजी आणि रक्ततपासणीला न्या. समुपदेशनाचं मग बघू.