चारही चाकांना जोर



वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण अशा विषयांवर विद्वानांनी बोलावे आणि आपण ऐकावे, अशी रीत आहे. कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने येथे उभे राहून मोटारीच्या चाकांविषयी बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. माझे शालेय शिक्षण बेताचे. यंत्राविषयी जे थोडेबहुत समजले, ते कामगारांच्या संगतीत आणि रात्री पुस्तके उघडून. तथापि मोटार हा आता आपल्या घरचा विषय झाला आहे. शहरातून जालना रस्त्याने वीसएक किलोमीटर गेले की शेंद्रा लागते. तेथे २००१ साली स्कोडा कंपनीच्या ऑक्टाव्हिया मोटारीची जुळणी सुरू झाली. परदेशातून पेट्यांमधून सुटे भाग यावेत आणि आपल्या मुलांनी त्यांची मोटार उभी करावी, असे ते काम. पुढे त्याच शेंद्र्यात लॉरा, सुपर्ब, यती आणि ऑडीच्या गाड्याही जोडल्या गेल्या.

यांपैकी ऑक्टाव्हिया आणि लॉरा या पुढच्या दोन चाकांच्या जोरावर चालणाऱ्या गाड्या. २०१० साली आलेली यती मात्र फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर देणारी होती. लॉरा आणि यती यांचा पाया बहुतांशी एकच. मागाहून यतीचीही पुढच्या चाकांवर चालणारी आवृत्ती निघाली. तेव्हा एका तरुण कामगाराने मला सरळ विचारले, "भाऊ, दोन्ही जातीच्या गाड्या आमच्याच हातांखालून जातात. मग एकीची दुसरी का करता येऊ नये?" प्रश्न रास्त आहे. आजचे व्याख्यान म्हणजे त्याचे सविस्तर उत्तर होय.

प्रथम हे पाहू की चारही चाकांना जोर हवा कशासाठी. आपल्याकडची काळी माती आपणांस ठाऊक आहे. पहिल्या दोन पावसांत ती चाकाला अशी धरते की चाक फिरते, पण गाडी हलत नाही. चाकाची पकड दोन गोष्टींवर अवलंबून असते. चाकावर भार किती, आणि जमीन किती खरखरीत. समजा, मोटारीचे वजन १३०० किलो आहे आणि त्यातले ७८० किलो पुढच्या चाकांवर आहे. ओल्या चिखलात भाराच्या एक पंचमांश एवढीच पकड मिळते असे धरू. मग पुढची चाके १५६ किलोचा ओढा देऊ शकतील. आता सात फुटांत एक फूट चढणारा चढ आला. नुसते वजन वर न्यायलाच सुमारे १८६ किलोचा ओढा हवा. तेव्हा इंजिन कितीही दांडगे असो, गाडी चढणार नाही. त्यातून चढावर भार मागे सरकतो आणि पुढची चाके आणखी हलकी होतात. पण चारही चाके ओढू लागली, तर पूर्ण १३०० किलोची पकड कामी येते आणि २६० किलोचा ओढा मिळतो. गाडी चढते. इंजिनाची ताकद वाढलेली नसते, ती जमिनीपर्यंत पोहोचण्याच्या वाटा मात्र वाढलेल्या असतात.

येथे एक इशारा देऊन ठेवतो, कारण त्याच्याशी जिवाचा संबंध आहे. चारही चाकांना जोर मिळाल्याने गाडी निघते लवकर, थांबत मात्र लवकर नाही. ब्रेक प्रत्येक मोटारीला चारही चाकांना असतातच. निसरड्या रस्त्यावर फोर बाय फोरचा चालक आपली गाडी सहज पळते हे पाहून बेफिकीर होतो आणि वळणावर फसतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आपल्या देशाला फोर बाय फोरची ओळख झाली ती जीपमुळे. जीपचे इंजिन लांबीच्या दिशेने बसवलेले असते. गिअरपेटीतून निघालेला दांडा सरळ मागे जातो आणि मागची चाके फिरवतो. गिअरपेटीच्या मागे आणखी एक पेटी जोडून त्यातून एक दांडा पुढच्या चाकांकडे काढला की काम झाले. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या मोटारीची रचना निराळी. तिचे इंजिन आडवे असते, गिअरपेटी त्याच्या शेजारी बसते आणि सारा जोर जागच्या जागी पुढच्या दोन चाकांत वाटला जातो. मागे जाणारी वाटच नसते. ती काढायची तर जोराला काटकोनात वळवणारी पेटी पुढे बसवावी लागते आणि मागच्या चाकांजवळ त्याला पुन्हा एकदा काटकोनात वळवावे लागते.

याउपर वळणाचा प्रश्न येतो. ज्यांनी खळ्यावर बैलांची मळणी पाहिली आहे, त्यांना हे लगेच समजेल. तिवड्याजवळचा बैल जागच्या जागी फिरल्यासारखा दिसतो आणि कडेच्या बैलाला मोठा फेरा घालावा लागतो. मोटार वळताना बाहेरच्या चाकाला असाच अधिक फेरा पडतो. म्हणून दोन चाकांमध्ये डिफरन्शियल असते. पण पुढच्या चाकांची वाटही मागच्या चाकांच्या वाटेपेक्षा लांब पडते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. पुढची आणि मागची चाके ताठ दांड्याने जखडली, तर चिखलात चालून जाईल, कारण तेथे चाक थोडे घसरून हिशेब पुरा करते. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र दांड्याला पीळ बसतो, टायर घासतात आणि कधी दातेही तुटतात. यतीमध्ये यावर हॅल्डेक्स नावाचा स्वीडनमध्ये जन्मलेला उपाय होता. मागच्या डिफरन्शियलच्या तोंडाशी तेलात बुडालेल्या चकत्यांचा क्लच असतो. तेलाचा दाब वाढला की चकत्या आवळल्या जातात आणि जोर मागे जातो. दाब कमी केला की त्या सुटतात. हा दाब किती असावा हे चाकांची गती मोजणारे विजेचे यंत्र ठरवते.

तर मग आपल्या कामगाराने जुनी ऑक्टाव्हिया घेऊन तिच्यात मागचा संच बसवायचा म्हटले, तर काय काय बदलावे लागेल? त्याच पिढीच्या ऑक्टाव्हियाची फोर बाय फोर आवृत्ती युरोपात निघत होती, म्हणून ताडून पाहता येते. पहिली गोष्ट, गिअरपेटी आणि तिला जोडलेली कोनपेटी. दुसरी, गाडीखालून जाणारा दांडा, आणि त्याच्यासाठी धुराड्याच्या नळीची नवी मांडणी. तिसरी, पेट्रोलची टाकी, कारण दांडा आणि डिफरन्शियल यांना जागा देण्यासाठी टाकीचा आकारच बदलतो. चौथी, मागची बैठक. साध्या ऑक्टाव्हियात मागची दोन चाके एका आडव्या तुळईला जोडलेली असतात. त्या तुळईतून चाकाकडे दांडा नेता येत नाही. फोर बाय फोरमध्ये तेथे स्वतंत्र दुव्यांची रचना आहे, आणि ती धरायला गाडीचा मागचा तळच वेगळा लागतो. म्हणजे पत्रा कापणे आणि जोडणे आले. पाचवी, ब्रेकचे आणि गतीचे विजेचे यंत्र. मागची चाके आता ओढू लागली आहेत, हे त्याला कळवले नाही, तर ऐन ब्रेकच्या वेळी त्याचा हिशेब चुकतो. सहावी गोष्ट दात्यांच्या प्रमाणाची. पुढच्या कोनपेटीत दांड्याची गती जितकी वाढवली, तितकीच ती मागच्या डिफरन्शियलमध्ये कमी झाली पाहिजे. हे प्रमाण जुळले नाही, तर चकत्या सदैव घासत राहतात आणि तेल तापून जळते. चार टायर कमीअधिक झिजलेले असले, तरी हाच त्रास लहान प्रमाणात होतो.

यावरून आपणांस दिसेल की, हा एखादा भाग वाढवण्याचा प्रकार नव्हे, अर्धी गाडी नव्याने मांडण्याचा आहे. कारखान्यांनाही तो सोपा गेला नाही. इटलीच्या फियाट कंपनीने १९८३ साली आपल्या चिमुकल्या पांडा मोटारीला चारही चाकांचा जोर दिला, तेव्हा मागचा सारा संच ऑस्ट्रियातील श्टायर-पुख या अनुभवी कारखान्याकडून करवून घेतला. आडव्या इंजिनाच्या लहान मोटारीत असा प्रयोग मोठ्या प्रमाणावर तेव्हा प्रथमच झाला.

परंतु मला अधिक मोलाची वाटते ती जपानची हकीकत. तेथील ईशान्य भागातल्या वीज कंपनीच्या माणसांना हिवाळ्यात बर्फातून डोंगरावर जावे लागे. जीप त्यांना थंडीची आणि गैरसोयीची वाटे. मियागी प्रांतातील सुबारू मोटारीच्या विक्रेत्याकडे त्यांनी मागणी केली. त्या विक्रेत्याच्या कार्यशाळेत पुढच्या चाकांवर चालणाऱ्या सुबारूला दुसऱ्याच कंपनीच्या मोटारीचा मागचा आस जोडून प्रयोग झाला. सुबारूचे इंजिन लांबीच्या दिशेने बसवलेले असल्याने मागे वाट काढणे थोडे सोपे होते, हे खरे. पण पुढे काय झाले पाहा. कंपनीने तो प्रयोग हाती घेतला, तपासला, सुधारला, आणि १९७२ साली लिओनी नावाची फोर बाय फोर मोटार बाजारात आणली. दुरुस्तीच्या कार्यशाळेत जन्मलेली कल्पना कारखान्याने शिकून घेतली.

आमच्याकडे हे का होत नाही, हा माझा खरा सवाल आहे. आमची मुले हुशार आहेत. पण जुळणीच्या रांगेत प्रत्येकाच्या वाट्याला ठराविक बोल्ट आणि ठराविक मिनिटे येतात. दहा वर्षे मागचा आस चढवणाऱ्याला तो आस तसाच का, हे सांगायला कोणी बांधील नसते. आणि मॉडेले तर येतात आणि जातात. यती आज कोठेच बनत नाही. स्कोडाच्या पुढच्या काळातल्या कुशाक आणि स्लाव्हिया या गाड्या पुण्याजवळ चाकणला तयार होऊ लागल्या. मॉडेल गेले की ठराविक बोल्टाचे कौशल्यही जाते. कामगाराजवळ उरते ते फक्त त्याला कळलेले यंत्र. वेतनासाठी आम्ही भांडतो आणि भांडत राहू, पण ज्ञान हीही कामगाराची मिळकत आहे आणि तिची मागणी आम्ही पुरेशा आवाजात केलेली नाही.

म्हणजे प्रत्येकाने अंगणात गाडी कापायला घ्यावी काय? मुळीच नाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ असे सांगते की, निर्मात्याने नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल नोंदणीकृत वाहनात करता येत नाही. २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने हेच ठासून सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. काही तरुणांना हा कायदा जाचक वाटतो. मला तसे वाटत नाही. घरी कापून जोडलेला तळ जालना रस्त्यावर भर वेगात सुटला, तर त्यात मरणारा माणूस बहुधा सायकलवरून पाळीला निघालेला दुसरा कामगारच असेल.

म्हणून माझी सूचना निश्चित आहे. अपघातात निकामी झालेली किंवा भंगारात निघालेली पुढच्या चाकांची एक मोटार आपल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या आवारात आणावी. कारखान्यातील अनुभवी कामगार, संस्थेचे निदेशक आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी यांनी मिळून तिला चारही चाकांचा जोर द्यावा. ती रस्त्यावर कधीही आणू नये. आवारातच चालवावी, पुन्हा उकलावी, आणि पुढच्या तुकडीने पुन्हा जोडावी. सुटीच्या दिवशी दोन तास त्यासाठी द्यायला तयार असलेले कामगार मला माहीत आहेत. गावातील उद्योजकांनी जागा आणि हत्यारे द्यावीत, संघटनांनी माणसे द्यावीत. खर्च एका बऱ्यापैकी लग्नाच्या मांडवाहून अधिक होणार नाही.

ज्या कामगाराने मला प्रश्न विचारला, त्याच्यासारखे शेंद्र्यात, चिकलठाण्यात आणि वाळूजमध्ये शेकडो आहेत. त्यांच्यासाठी अशी एक गाडी येत्या पावसाळ्याच्या आत संस्थेच्या आवारात उभी राहावी, यासाठी येथे जमलेल्यांपैकी ज्यांना हात लावावयाचा असेल, त्यांनी व्याख्यानानंतर मला जरूर भेटावे.