रानपिंगळा

परभणी जिल्ह्यांतील पेडगावासारख्या गांवीं पिंगळा ठाऊक नाहीं असें घर विरळा. झाडाच्या ढोलींतून डोकावणारा हा ठिपकेदार पक्षी; पहांटे दारीं येऊन भविष्य सांगणारा पिंगळाहि त्याचेंच नांव मिरवितो. त्याचा भाऊबंद रानपिंगळा मात्र मध्य व पश्चिम भारतांतील अरण्यांवांचून जगांत कोठेंहि आढळत नाहीं.

१८७३ सालीं ह्यूमसाहेबांनीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. १८८४ नंतर तो दिसेनासा झाला. सलीम अलींसारख्या पक्षिपंडितांनीं केलेला शोधहि व्यर्थ गेला. यांत एका लबाडीचाहि भाग होता. कर्नल माइनर्ट्झहागेन या गृहस्थानें संग्रहालयांतील जुना नमुना पळविला आणि तो आपण १९१४ सालीं गुजरातेंत मांडवीस मिळविला, अशी चिठ्ठी त्यास जोडली. साध्या चोरानें नुसता माल जातो. येथें संशोधकांची वाट चुकली!

पामेला रासमुसेन या विदुषीनें हें पितळ उघडें पाडलें. मांडवी वगळून जुन्या खऱ्या नोंदींच्या आधारें त्या व त्यांचे सोबती हिंडले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्यें शहाद्याजवळ, ११३ वर्षांनीं, रानपिंगळा दृष्टीस पडला. तोहि भर दिवसा, कारण हा दिवसाहि शिकार करतो. साध्या पिंगळ्याच्या माथ्यावर ठिपके दाट, याचा माथा जवळजवळ कोरा. पुढें तो मेळघाटांत व ठाणें जिल्ह्यांतील तानसा येथेंहि आढळला. घरटें जुन्या झाडाच्या ढोलींत करतो. कोवळ्या रोपांना ढोली नसते.