दार उघडणारं गाव

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आज एका लहानशा गावाविषयी बोलायचं आहे. गाव फ्रान्समधलं, डोंगरावरचं. नाव ल शांबों-स्युर-लिन्यों, म्हणजे लिन्यों नदीकाठचं शांबों. आपण नुसतं शांबों म्हणू. वस्ती अडीच हजारांच्या आसपास. दुसऱ्या महायुद्धात या गावानं आणि भोवतालच्या वाड्यांनी शेकडो जीव वाचवले. पण ती हकिगत ऐकण्याआधी तिथली माती, हवा आणि चूल पाहायला हवी. माणसाचा चांगुलपणाही कुठल्या तरी जमिनीतच उगवतो.

फ्रान्सच्या दक्षिण-मध्य भागात मासिफ साँत्राल नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. त्याच्या पूर्वेकडच्या एका पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटर उंचीवर शांबों वसलं आहे. आपल्या सह्याद्रीसारखाच हाही ज्वालामुखीतून घडलेला मुलूख. जवळच जेर्बिए द जों नावाची टेकडी आहे. फ्रान्समधली सर्वांत लांब नदी ल्वार तिच्या पायथ्याशी उगम पावते, आणि आपली लिन्यों पुढे तिलाच जाऊन मिळते. उन्हाळा इथे सुखाचा असतो. हिवाळ्यात मात्र ‘ब्युर्ल’ नावाचा वारा सुटतो, बर्फ उडवत नेतो आणि वाटा बुजवून टाकतो. म्हणून घरं जाड दगडी भिंतींची, छपरं दगडी चिपांची, आणि माणसं व गुरं एकाच छपराखाली.

अशा जमिनीत पिकणार काय? राय, बटाटे, गुरांसाठी गवत. जोडीला दूधदुभतं, पाइनचं लाकूड, रानातली अळंबी. पोटापुरतं मिळे, शिल्लक फारशी पडत नसे. पण या गावाकडे एक गोष्ट भरपूर होती, ती म्हणजे स्वच्छ हवा. खाली सेंत-एतिएन हे कोळशाच्या खाणींचं आणि कारखान्यांचं शहर. तिथल्या लुई कोंत नावाच्या पाद्र्यानं १८९३ मध्ये कामगारांच्या अशक्त मुलांना उन्हाळ्यात डोंगरावर पाठवण्याची योजना सुरू केली. मुलं शेतकऱ्यांच्या घरी राहत, दूध पीत, गुरांमागे हिंडत आणि गुटगुटीत होऊन परत जात. शेतकऱ्याला चार पैसे मिळत. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अरुंद रुळांची आगगाडी आली. तिच्यामागून हवापालटासाठी येणारी कुटुंबं आली, खाणावळी आणि पाहुण्यांची घरं उभी राहिली. परकं मूल घरात ठेवून घेणं हा या गावाचा व्यवसायच झाला.

ही गोष्ट ध्यानात ठेवा. शेतकऱ्याच्या अंगणात शहरी बोलीचं एखादं अनोळखी पोर दिसलं, तर शांबोंत कोणाला त्याचं नवल वाटत नसे.

दुसरी गोष्ट इतिहासाची. फ्रान्स कॅथलिकांचा देश, पण या पठारावर प्रॉटेस्टंटांची, म्हणजे ह्युगेनॉंची, दाट वस्ती आहे. १५९८ मध्ये चौथ्या हेन्री राजानं त्यांना उपासनेची मुभा दिली. १६८५ मध्ये चौदाव्या लुईनं ती काढून घेतली. प्रार्थनाघरं पाडली गेली, धर्मोपदेशकांना देश सोडावा लागला. लोक रानात, गुहांत चोरून प्रार्थनेला जमू लागले. पकडलेल्या पुरुषांना गलबतांवर वल्ही मारायला धाडत. १७८७ पर्यंत, म्हणजे शंभर वर्षांहून अधिक काळ, हे असंच चाललं. त्या आठवणी शेकोटीपाशी आजीकडून नातवाकडे येत राहिल्या. सरकारी हुकूम आणि न्याय या दोन गोष्टी नेहमी एकच नसतात, हे या लोकांना कोणी शिकवावं लागलं नाही.

१९३४ मध्ये आंद्रे त्रोकमे नावाचे पाद्री गावात आले. अहिंसा मानणारे. त्यांच्या पत्नी माग्दा तितक्याच खंबीर आणि कामाला वाघ. एद्वार तेइस या सहकाऱ्यासोबत १९३८ मध्ये त्यांनी शाळा काढली. जून १९४० मध्ये फ्रान्स शरण गेला. शस्त्रसंधी झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी, या दोघांनी प्रार्थनाघरात सांगितलं, की विवेकावर जबरदस्ती झाली तर आत्मबळानं तिचा प्रतिकार करणं हे आपलं कर्तव्य आहे.

मग माणसं येऊ लागली. जर्मनीतून, ऑस्ट्रियातून, पोलंडमधून पळालेले ज्यू. छावण्यांतून सोडवलेली मुलं. स्विस मदत संस्था, क्वेकर आणि इतरांच्या पैशांवर मुलांची वसतिगृहं चालू झाली. बाकीचे शेतघरांत विखुरले. काही तरुण खोटी ओळखपत्रं आणि रेशनकार्डं बनवू लागले. ऑगस्ट १९४२ मध्ये पोलीस बसगाड्या घेऊन आले. त्यांनी त्रोकमेंकडे यादी मागितली, ती मिळाली नाही. झडत्या झाल्या, गाड्या जवळजवळ रिकाम्याच परतल्या. मुलं रानात होती.

सगळे वाचले असं मात्र नाही. २९ जून १९४३ रोजी गेस्टापोनं विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहावर धाड घातली आणि अठरा तरुणांना पकडलं. वसतिगृहप्रमुख दानिएल त्रोकमे, आंद्रेंचे नातलग, त्यांच्यासोबत गेले. १९४४ मध्ये मायदानेकच्या छावणीत त्यांचा अंत झाला. गावचे डॉक्टर रोजे ल फोरेस्तिए यांना त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जर्मनांनी ठार केलं.

एकूण किती जणांना आसरा मिळाला? पूर्वी पाच हजार हा आकडा सांगत. आताचे अभ्यासक तो कमी धरतात. चोरून केलेल्या कामाची वही कोण ठेवणार?

याच काळात जवळच्या पानेलिए वाडीत क्षयानं आजारी असलेला एक लेखक राहत होता. अल्जीरियातून आलेला, युद्धामुळे बायकोपासून तुटलेला. त्याचं नाव आल्बेर काम्यू. ‘प्लेग’ या कादंबरीचं बरंचसं काम त्यानं या मुक्कामात केलं.

युद्धानंतर गाव पुन्हा गुराढोरांकडे वळलं. केलेल्याचा गाजावाजा कोणी केला नाही. १९९० मध्ये इस्राएलच्या याद वाशेम संस्थेनं एकट्यादुकट्याचा नव्हे, तर शांबों आणि आसपासच्या सगळ्या रहिवाशांचा गौरव केला. २०१३ मध्ये गावात स्मृतिसंग्रहालय उघडलं. त्रोकमे-तेइस यांची शाळा २०१४ मध्ये बंद पडली. जुनी आगगाडी आता पर्यटकांसाठी धावते. लहानपणी इथे लपून वाचलेले एरिक श्वाम २०२० मध्ये वारले. त्यांनी सुमारे वीस लाख युरोंची मिळकत या गावाच्या नावे केली, मुलांच्या शिक्षणासाठी. देशोदेशींच्या निर्वासित कुटुंबांसाठीही अलीकडच्या काळात गावात निवासकेंद्र चाललं आहे.

श्रोतेहो, मी शब्दांत रमणारा माणूस. ‘पाहुणा’ आणि ‘आश्रित’ या दोन शब्दांमधलं अंतर मला नेहमी जाणवतं. पाहुण्याला आपण पाट देतो, आश्रिताला कोपरा. शांबोंच्या बायाबापड्यांनी हे अंतर फारसं मानलं नाही. त्यांना पाहुण्याची सवय होती आणि छळाची आठवण होती.

आठवण तर प्रत्येक समाजापाशी असते. आपल्यावर काय काय अन्याय झाले, याची यादी आपल्या सर्वांना तोंडपाठ आहे. काही जण त्या यादीतून सूड शिकतात. या गावानं तिच्यातून दुसऱ्याचा चेहरा ओळखायला शिकून घेतलं. ज्यांना दार उघडलं, ते त्यांच्या धर्माचे नव्हते, भाषेचे नव्हते, देशाचेही नव्हते. आपल्या मुलांना आपण जुन्या जखमांच्या गोष्टी जरूर सांगाव्यात. फक्त त्या ऐकून मूल दाराला कडी घालेल की दार उघडेल, याचा विचार सांगणाऱ्यानं आधी करावा.