वास्तु आणि प्रकाश

घर घ्यावयाचें म्हटलें कीं आपण विटांची, सिमेंटची आणि चौरस फुटाच्या भावाची चौकशी करतों. उजेडाची चौकशी खिडक्या मोजण्यापलीकडे जात नाहीं. ह्या बाबतींत आपले जुने स्थपति अधिक चिकित्सक होते.

कल्याणजवळचें अंबरनाथाचें शिवालय पाहा. शिलाहार राजा मम्वाणि ह्याच्या कारकीर्दींतला, शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा, शिलालेख तेथें आहे. मंडपांत अंधार, तेथून पायऱ्या उतरून खालीं गाभाऱ्यांत जावयाचें. शिखर आज अपुरें असल्यामुळें वरून आकाश दिसतें. अंधारांत थांबल्यानें डोळ्यांतील बाहुल्या मोठ्या झालेल्या असतात. म्हणून वरून येणारा बेताचा उजेडही पिंडीवर ओतल्यासारखा भासतो. उजेडाला किंमत येते ती शेजारच्या काळोखामुळें.

कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या देवळांत तर ही योजना उघड दिसते. देऊळ पश्चिमाभिमुख आहे. नोव्हेंबरच्या ९ तारखेच्या आणि जानेवारीच्या ३१ तारखेच्या सुमारास मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारांतून आंत शिरून मूर्तीपर्यंत पोहोंचतात. वर्षांतून दोनदांच कां? सूर्य दक्षिणेकडे जातांना ज्या बिंदूशीं मावळतो, परततांना पुन्हा त्याच बिंदूशीं येतो. २१ डिसेंबरच्या अलीकडे व पलीकडे सुमारें ४२ दिवस मोजून पाहा. पण ह्या किरणांच्या वाटेंत अलीकडे इमारतींचे अडथळे आले आहेत. शेंकडों वर्षांची योजना चार भिंतींनीं बिघडावी, ह्याचें मला फार वाईट वाटतें.

देवाची ही गत, मग डोंबिवलीच्या बिऱ्हाडाची काय कथा! आपल्या अक्षांशावर डिसेंबरांतील भर दुपारींही सूर्य क्षितिजापासून सुमारें ४७ अंशच वर असतो. म्हणजे ६० फूट उंच इमारतीची सावली उत्तरेस सुमारें ५५ फूट पडते. दोन इमारतींत अंतर याहून कमी असेल, तर मागच्या इमारतीच्या तळमजल्यावर थंडीच्या दिवसांत ऊन पडणार कोठून? जागा पाहावयास मे महिन्यांत जाऊं नये. तेव्हां सूर्य डोक्यावर असतो आणि सगळेंच उजळ दिसतें.

ज्यांनीं आधींच घर घेतलें आहे, त्यांना परावर्तनाचा आधार आहे. समोरची भिंत पांढरी असेल, तर तिच्यावर पडलेला बहुतेक प्रकाश ती परत फेंकते, आणि त्यांतला कांहीं आपल्या स्वयंपाकघरांत येतो. काळवंडलेली, शेवाळलेली भिंत तो गिळून टाकते. तेव्हां शेजारच्या सोसायटीस विनंती करावी, आणि आपलीही भिंत त्यांच्यासाठीं रंगवावी. रंग मात्र चकचकीत नको. नाहींतर समोरच्यांचे डोळे दिपतील आणि ते पडदे ओढून बसतील.