अर्जलेखनाचा तास



परभणी, नांदेड, लातूर आणि हिंगोली या चार जिल्ह्यांतली महाविद्यालयं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या अभ्यासक्रमावर चालतात. १७ सप्टेंबर १९९४ ला हे विद्यापीठ नांदेडला सुरू झालं. त्याआधी आपला कारभार औरंगाबादहून चाले. विद्यापीठ जवळ आलं, तरी प्राध्यापकांची तक्रार कानावर येतेच: घटक अभ्यास मंडळानं ठरवले, श्रेयांक ठरवले, मग आमच्या हातात काय उरलं?

बरंच उरलं, असं मला वाटतं. अभ्यासक्रम समान असावा, या मताचा मी आहे. सोनपेठच्या मुलीची पदवी लातूरच्या मुलाच्या पदवीइतकीच धरली जायची, तर तो लागतोच. पण ‘अर्जलेखन’ हा घटक घ्या. कोणता अर्ज, कुणाला, कशासाठी, हे वर्गात ठरतं. गाईडमधला रजेचा अर्ज फळ्यावर उतरवता येतो. गोदावरीचं पाणी शिवारात शिरल्यावर तहसीलदारांना द्यायचा पंचनाम्याचा अर्जही लिहून घेता येतो.

हा दुसरा अर्ज घेऊन पाहा. पहिल्या खेपेला मुलं लिहितात, ‘आमचे फार नुकसान झाले आहे, तरी मदत मिळावी ही विनंती.’ व्याकरण चोख. पण गट नंबर नाही, क्षेत्र नाही, पाणी कोणत्या तारखेला शिरलं, सोयाबीन फुलात होतं की काढणीला आलं होतं, काहीच नाही. नुसत्या वेलांट्या दुरुस्त केल्या तर मुलगा शुद्धलेखन तेवढं शिकेल. ‘हे वाचून तलाठी तुझ्या शेतापर्यंत पोचेल का?’ असं विचारलं, की तो घरी सातबारा शोधतो, आईला तारीख विचारतो. दुसरा खर्डा वेगळाच येतो.

खरी अडचण पुढची आहे. गंगाखेडला कुणी असं शिकवलं, तर जिंतूरला ते कळत नाही. आपण मराठीचे प्राध्यापक भेटतो ते उत्तरपत्रिका तपासायला, नाहीतर अभ्यासक्रम बदलल्यावरच्या कार्यशाळेला. मुलांचं लिखाण मधे ठेवून ‘याच्यावर तुम्ही काय शेरा माराल?’ असं विचारायला तिथे सवड नसते. आणि माझ्या शेऱ्यात काय राहून गेलं, हे मला दुसऱ्याचा शेरा वाचूनच कळतं.

शिवाय, तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्यांना मानधन मिळतं ते घेतलेल्या तासाचं. दुसरा खर्डा वाचण्यात गेलेली संध्याकाळ कुणी मोजत नाही. पुढच्या वर्षी बोलावणं येईल की नाही याचीच ज्याला धास्ती, त्याला ‘गाईड सोडा’ म्हणणं अन्यायाचं आहे.

म्हणून महाविद्यालयांकडे माझं मागणं आहे. प्रत्येक सत्रात एक दुपार द्या. पाच-सहा महाविद्यालयांतल्या मराठीच्या प्राध्यापकांनी नावं झाकलेले दहा अर्ज घ्यावेत, आपापला शेरा लिहावा आणि मग तो एकमेकांना वाचून दाखवावा. तासिका तत्त्वावरच्यांना त्या दुपारचं मानधन आणि जाण्यायेण्याचं भाडं मिळावं. अभ्यास मंडळाच्या एखाद्या सदस्यानं तिथे बसून टिपणं काढावीत आणि पुढचा अभ्यासक्रम लिहिताना ती समोर ठेवावीत.